नऊचा एक, दहाचा एक

आमच्या मस्कतमधल्या दार्सैतच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात दोन आयपीस पडून आहेत. आयपीस म्हणजे दुर्बिणीला जिथे डोळा लावायचा तिथली छोटी काळी नळी, आत भिंगं असलेली. एक नऊ मिलिमीटरचा आहे, एक दहा मिलिमीटरचा. दोन्ही नवे, दोन्ही चांगले, आणि माझ्या दुर्बिणीत दोन्ही मिळून बिनकामाचे. घरी येणारा पाहुणा ते हातात घेतो आणि म्हणतो, "वा, जोडी छान आहे." ती जोडी नाही. हे मी इतक्यांदा समजावलं आहे की आता बायकोच मधे पडते. "ती जोडी नाही. त्यांना काही विचारू नका, पानं वाढली आहेत."

कुणाला मोठी, दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यायची असेल तर त्यानं माझ्यासारखं करू नये, म्हणून हे लिहून ठेवतो. आधी मी ती का घेतली ते सांगायला हवं.

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी विज्ञानाच्या सरांनी कुठून तरी एक दुर्बीण मिळवून आणली. एका नळीची, लांब, पांढरी. शाळेच्या पटांगणात संध्याकाळी शनीची कडी दाखवणार होते, आणि सरांनी मुद्दाम सांगितलं होतं की घरच्यांनाही आणा. माझी आई शिवणकाम करायची. त्या दिवशी मशीन लवकर झाकून ती आली, रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आल्यावर सर म्हणाले, "एक डोळा मिटा आणि बघा."

आईला एक डोळा मिटता येत नाही. एक मिटायला गेली की दुसराही मिटतो. सुईत दोरा ओवतानाही तिचे दोन्ही डोळे उघडेच असतात. तिनं हातानं डोळा दाबून पाहिलं तर दुसऱ्यातून पाणी यायला लागलं. मागून कुणी तरी म्हणालं, "अहो बाई, नवऱ्याला डोळा मारता तसा मिटा की!" सगळी रांग हसली. आई घाईघाईनं नळीला डोळा लावून म्हणाली, "दिसला, दिसला," आणि बाजूला झाली. सर हसले नव्हते. ते म्हणाले, "थांबा, पुन्हा बघा," पण ती थांबली नाही. घरी जाताना वाटेत म्हणाली, "मला काही दिसलं नाही रे."

त्याच मशीनवर तिनं माझं शिक्षण केलं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, आणि त्या सरांनी फॉर्म भरून दिला नसता तर तेही झालं नसतं. आज मी मस्कतमध्ये दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात की नाही ते तपासण्याचं काम करतो. केसाएवढी चूक पकडायचा मला पगार मिळतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते या कामाला शोभणारं नाही.

आई महिनाभरासाठी पहिल्यांदा इकडे येणार असं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की तिला शनीची कडी दाखवायची, तीही दोन्ही डोळे उघडे ठेवून. बायको तेव्हाच म्हणाली, "अहो, साधी दुर्बीण घ्या आणि आईंच्या एका डोळ्यावर माझी ओढणी बांधा. झालं."

"तिच्या डोळ्यावर काही बांधायचं नाही," मी म्हणालो.

"का पण?"

का ते मला नीट सांगता आलं नाही. मी नुसता चिडलो.

इथे देश सोडून जाणारी माणसं घरातलं सामान विकून जातात. मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या अशाच एका निवृत्त परदेशी जोडप्याकडे मला दोन डोळ्यांची दुर्बीण मिळाली. समोरची भिंगं शंभर मिलिमीटरची, बशीएवढी रुंद. वजन सहा-सात किलो, म्हणजे हातात धरायचा प्रश्नच नाही, भक्कम ट्रायपॉड लागतो. पण मला हवी होती ती गोष्ट तिच्यात होती. आयपीस सरळ मागे नसून वर तिरके वळवलेले होते. सरळ दुर्बिणीतून आकाशात वर बघायचं तर मान मागे टाकावी लागते, आणि आईच्या मानेचा मणका गेला आहे. तिरक्या आयपीसमध्ये मात्र खुर्चीवर बसून खाली वाकून बघायचं, जसं शिवणाच्या मशीनवर वाकतात तसं. आयुष्यभर ती तशीच बसली आहे.

यंत्राबरोबर चोवीस मिलिमीटरच्या आयपीसची जोडी होती. त्यातून सगळं सुमारे तेवीस पट मोठं दिसे. चंद्र झकास, पण शनी म्हणजे नुसता लांबट ठिपका. कडी वेगळी दिसायची तर साठेक पट मोठं दिसायला हवं, म्हणजे नऊ मिलिमीटरचे आयपीस हवेत. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. आयपीसचा आकडा जितका लहान तितकं दृश्य मोठं. हे वाक्य मी पुढे किती जणांपुढे म्हटलं असेल त्याला गणती नाही.

शिवाय दोन डोळ्यांची दुर्बीण म्हटली की बघणाऱ्याच्या दोन बुबुळांत अंतर किती ते आधी मोजावं लागतं. मी बहिणीला फोन केला. तिनं आईच्याच टेपनं आईचे डोळे मोजले. फोनवर आईचा आवाज येत होता, "आता डोळ्यांचं ब्लाऊज शिवतोय का हा?" अंतर भरलं अठ्ठावन्न मिलिमीटर. म्हणजे जाडजूड, रुंद दृश्याचे महागडे आयपीस बाद. ते इतके जवळ येतच नाहीत, मधे नाकही मावत नाही. बारीक अंगाचे नऊ मिलिमीटरचे दोन हवेत असं ठरलं. मुंबईच्या एका दुकानात ते होते.

चूक इथून सुरू होते. आम्हा इकडच्या लोकांत एक रीत आहे. गावाहून येणाऱ्या माणसाला एकच वस्तू सांगायची. त्याच्या बॅगेत आधीच चार घरांचे मसाले, कुणाची औषधं, कुणाचा चष्मा असतो. दोन वस्तू सांगितल्या की तो हो म्हणतो आणि मनात नावं ठेवतो. मीही सांभाळून राहणारा माणूस. मी हिशेब केला, आयपीस दोन, म्हणून माणसं दोन. एक आयपीस वसईचा माझा मित्र आणेल, तो इथे हॉटेलात काम करतो आणि नाताळच्या आधीच जाऊन येणार होता. दुसरा आमच्या खालच्या मजल्यावरचे मालवणचे काका आणतील, ते एसी दुरुस्तीत आहेत. एकाची बॅग हरवली तरी एक आयपीस तरी येईल, असाही शहाणा विचार मी केला. एका आयपीसनं मी काय करणार होतो ते देव जाणे. चपलांचा जोड कुणी दोन माणसांकडून मागवत नाही. मी मागवला.

वसईचा मित्र वेळेवर आला. दारातूनच ओरडला, "घे बाबा, तुझं बाटलीचं बूच. कस्टमवाल्यानं विचारलं हे काय, मी म्हटलं माझ्या मित्राचा उजवा डोळा आहे, डावा पुढच्या महिन्यात येणार. खलास! तो हसतच बसला."

तो नऊचा होता, अगदी हवा तसा. मी खूश.

चार दिवसांनी आई आली. काका मात्र गावी अडकले. आधी जत्रा, मग भावकीतलं लग्न. फोन केला की म्हणायचे, "येतंय रे, तुझो डोळो माझ्या खिशातच असा." दुर्बीण हॉलच्या कोपऱ्यात चादर घालून उभी. आई रोज सकाळी त्या चादरीवरची धूळ झटकायची आणि विचारायची, "आज दाखवणार का?"

"दुसरा आयपीस येऊ दे."

"मग चंद्र तरी दाखव."

"नाही आई, आधी शनी. नीट कडीसकट."

या हट्टाला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही. चोवीसची चांगली जोडी डब्यात होती, गच्ची डोक्यावर होती, आई समोर होती. बायकोनं एकदा जेवताना आईला सांगितलं, "आई, तुम्ही देवळात जाऊन या. तिथे दर्शनाला इतके दिवस लागत नाहीत." दार्सैतच्या कृष्णमंदिरात त्या दोघी चालत चार वेळा जाऊन आल्या. मी शनीची वाट पाहत राहिलो.

आई परत जायला चार दिवस उरले तेव्हा काका आले. मी जिन्यातच गाठलं. त्यांनी मसाल्याच्या पिशवीतून डबी काढून दिली. डबीवर लिहिलं होतं दहा.

"काका, हा दहाचा आहे."

"व्हय. नवाचो संपललो. दुकानवालो म्हणालो, धाचो घेवन जा. येका मिलिमीटरान आभाळ कोसळता काय?"

"अहो, कोसळतं! इथे तेच तर कोसळतं!"

"अरे पण धा म्हणजे नवापेक्षा जास्तच मां? मी तुका जास्तच हाडून दिलंय, कमी नाय."

मी म्हणालो, आकडा जितका लहान तितकं दृश्य मोठं. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाले, "शिकलल्या मान्साचा असाच आसता." त्यांना दोष तरी काय देणार? दुकानवाल्यानं विचारलं तेव्हा मला फोन लागला नव्हता, आणि कागदावर मी 'नऊचा एक' इतकंच लिहिलं होतं. जोडी हा शब्दच लिहिला नव्हता.

ऑफिसात एखादं यंत्र दहा टक्के चुकीचं दाखवायला लागलं तर मी त्याच्यावर लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवतो. एका डोळ्याला एकसष्ट पट आणि दुसऱ्याला पंचावन्न पट, म्हणजे तेवढीच चूक. हे सगळं माहीत असून मी त्या संध्याकाळी दोन्ही आयपीस बसवून खिडकीतून दूरच्या टेकडीवरचा दिवा पाहिला. दिवा बरोबर मधोमध ठेवला तर दोन्ही डोळ्यांतला मिळून एक व्हायचा. मी स्वतःला सांगितलं, चालेल.

दुसऱ्या दिवशी हवेत धूळ. तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं. मावळतीनंतर मी आणि बायकोनं दुर्बीण गच्चीवर नेली. गच्चीची किल्ली इमारतीच्या राखणदाराकडे असते. त्यानं आधीच बजावलं, "आठ बजे खलास. मैं ताला लगाएगा." गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश, आणि गरम हवा फेकणारी एसीची खोकी. त्यांच्यापासून लांबचा एक कोपरा पाहून मी ट्रायपॉड लावला. पश्चिमेला चंद्राची कोर होती, तिच्या वर बोटभर अंतरावर शनी. प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, आयपीस आईच्या अठ्ठावन्न मिलिमीटरवर आणून ठेवले, शनी मधोमध आणला.

"आई, बस. चष्मा काढ."

"चष्मा काढला तर तू दिसत नाहीस."

"मला नाही बघायचं, शनीला बघायचं आहे."

ती चष्मा पदरात गुंडाळेपर्यंत, खुर्ची पुढे घेईपर्यंत वेळ गेला. एवढ्या मोठ्या दृश्यात ग्रह थांबत नाही, पृथ्वी फिरते तसा तो सरकत जातो. ती वाकली. मग ती म्हणाली, "दिसला, दिसला."

सत्तावीस वर्षांनी मी तो आवाज ओळखला. तीच घाई, तोच सूर. आणि ती उठायला लागली.

"आई, खोटं बोलू नकोस."

मी हे मोठ्यानं बोललो. इतक्या मोठ्यानं मी आईशी कधी बोललो नव्हतो. बायको म्हणाली, "अहो!"

आई पुन्हा खाली बसली. "दोन दिसतात रे," ती म्हणाली. "शेजारी शेजारी दोन. एकावर नजर ठेवली की दुसरा हलतो, डोकं गरगरतं. मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे. तेव्हाही एक मिटता आला नाही, आता दोन उघडे ठेवून जमेना. तू एवढा खटाटोप केलास, म्हटलं उगाच कशाला सांगा."

मला स्वतःचा इतका राग आला की मी दोन मिनिटं नुसता स्क्रू पिळत उभा राहिलो. मग सांगितलं. तुझे डोळे चांगले आहेत. चूक नळ्यांची आहे, म्हणजे माझी आहे. एक नळी मोठं दाखवते, दुसरी लहान, म्हणून मधोमध असला तर एक दिसतो आणि जरा बाजूला गेला की दोन होतात.

"बघू," म्हणून तिनं हात पुढे केला. मी दोन्ही आयपीस काढून तिच्या हातात ठेवले. तिनं ते चष्मा न लावता बोटांनीच चाचपले, एक एक फिरवून पाहिला.

"जोड नाही हा," ती म्हणाली.

"नाही. दोघांकडून मागवला."

"दोन दुकानांच्या कापडाच्या बाह्या लावल्यास तू. शाळेत एवढा शिकलास आणि..."

बायको तिकडे टाकीकडे तोंड करून हसत होती.

"आणि यंत्राबरोबर जे आले होते ते कुठे आहेत?" आईनं विचारलं. "मशीन घेतलं की त्याच्याबरोबर आलेला कापड दाबायचा पाय कधी फेकायचा नसतो. नवीन दहा आणले तरी पहिलं टाचण त्याच्याखालीच घालून बघायचं. फेकलेस का?"

"घरात आहेत. पण त्यातून कडी नीट दिसत नाही गं."

"आण."

मी तीन मजले उतरलो आणि चढलो. सात चाळीस झाले होते. चोवीसची जोडी बसवली, आधी चंद्रावर लावली, कारण आता मला शनीची शाश्वती नव्हती. आई वाकली, आणि या वेळी ती काहीच बोलली नाही. मी विचारलं, "एकच दिसतो ना?" तिनं हातानंच गप्प राहा म्हणून खूण केली. कितीतरी वेळानं ती खालीच बघत म्हणाली, "कड दातेरी आहे. कात्री बोथट असली की कापडाची कड फाटते तसं. आणि अंधारातला भाग पण दिसतोय, फिक्कट, अस्तरासारखा. तो खोटा नाही ना?"

"नाही. तो खराच आहे."

"मग असं सांगायचं की आधी."

काय सांगायचं होतं आणि कधी, हे मी विचारलं नाही. मी दुर्बीण शनीकडे वळवली. ती वाकली.

"हा एकच आहे," आई म्हणाली.

"बरं."

"बारका आहे. भाताचं शीत आडवं पडल्यासारखा. हाच का शनी?"

"हाच. ते शीत आडवं दिसतं ना, ती कडीच आहे. नऊची खरी जोडी असती तर कडी सुटी दिसली असती, मधली काळी फट—"

"याच्यासाठी त्या दिवशी एवढी रांग लागली होती?"

"हो."

ती सावकाश मागे टेकली, पदरातून चष्मा काढून घातला आणि नुसत्या डोळ्यांनी वर पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं फार काही हुकलं नव्हतं तर."

मी तिला समजावायला निघालो की हुकलं होतं, की त्या दुर्बिणीतून कडी स्वच्छ दिसत असणार, म्हणूनच तर मी हे सगळं... बायकोनं माझं मनगट धरलं. मी थांबलो. आईनं आज दिसलं तेवढंच सांगितलं होतं, घाईनं नाही आणि माझ्यासाठीही नाही. माझी तक्रार कशाबद्दल होती?

"ते परत चंद्राकडे कर," आई म्हणाली. "ते बरं आहे."

मी केलं. चंद्र खाली सरकत होता, मला दर दोन मिनिटांनी यंत्र हलवावं लागत होतं आणि दर वेळी ती म्हणत होती, "हलवू नकोस, मी बघतेय." मी हलवलं नाही तर, "अरे, गेला की!" राखणदार किल्ल्या वाजवत वर आला. "आठ बजा. यल्ला, चलो."

"आई, कुलूप लावायचं आहे त्याला."

"लावू दे की. बाहेरून लावू नको म्हणावं," आई आयपीसवरून मान न उचलता म्हणाली.

राखणदाराला मराठी येत नाही. तरी तो टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि किल्ल्या खिशात घातल्या.